बार्टलोची टेकाडे

केंब्रिज शहराच्या आग्नेयेला, ग्रँटा नदीच्या खोऱ्यात आणि एसेक्स परगण्याच्या हद्दीला खेटून बार्टलो नावाचे खेडे आहे. लोकवस्ती जेमतेम शंभराच्या आसपास. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या अखत्यारीतील मुलूख. आज ग्रामीण इंग्लंडमध्ये तो आपल्या ग्रामपंचायतीसारखा स्थानिक कारभाराचा सर्वांत खालचा घटक आहे. इतक्या लहान पॅरिशचे नाव इतिहाससंशोधकांच्या तोंडी असते ते चर्चमागच्या झाडीत उभ्या असलेल्या मातीच्या उंच टेकाडांमुळे. ब्रिटनमध्ये टिकून राहिलेल्या रोमनकालीन समाधी-टेकाडांमध्ये ती सर्वांत मोठी आहेत.

मुळात येथे सात टेकाडे असल्याचे मानले जाते: एका ओळीत चार मोठी आणि तिला समांतर दुसऱ्या ओळीत तीन लहान. लहान टेकाडे एकोणिसाव्या शतकात नाहीशी झाली. मोठ्यांपैकी सर्वांत उंच टेकाड सुमारे 15 मीटर उंच असून त्याच्या पायथ्याचा व्यास 44 मीटरच्या आसपास आहे. इंग्लंडमधील कांस्ययुगीन समाध्या बहुधा बसक्या, पालथ्या वाडग्याच्या आकाराच्या असतात. बार्टलोची टेकाडे मात्र उभ्या चढाची, वर निमुळती होत गेलेली आहेत. माती आणि खडू-दगडाचा चुरा यांचे थर एकावर एक चढवून ती रचली गेली.

ती कोणी बांधली, याचे उत्तर लोकांनी अनेक शतके 1016 सालच्या लढाईत शोधले. त्या वर्षी 18 ऑक्टोबरला असांडून येथे डॅनिश राजा कॅन्यूट याने इंग्रज राजा एडमंड आयर्नसाइड याचा पराभव केला. असांडून नेमके कोठे, यावर आजही दोन मते आहेत. काही अभ्यासक एसेक्सच्या आग्नेय भागातील अ‍ॅशिंग्डनचे नाव घेतात, तर काही बार्टलोशेजारच्या अ‍ॅशडनचे. अ‍ॅशडन इतके जवळ असल्यामुळे टेकाडांखाली त्या लढाईतले डॅनिश योद्धे पुरले आहेत, अशी समजूत रुजली. या परिसरात एल्डरच्या जातीचे एक बुटके झुडूप उगवते. ते डॅनिशांच्या सांडलेल्या रक्तातून उगवले, असे लोक सांगत. सोळाव्या शतकातील इतिहासकार विल्यम कॅम्डेन यानेही ही आख्यायिका नोंदवली आहे. कॅन्यूटने विजयाच्या जागी चर्च उभारले आणि 1020 मध्ये त्याचा अभिषेक झाला. त्यामुळे बार्टलोचे गोल मनोऱ्याचे सेंट मेरी चर्चही परंपरेने त्याच्याच नावाशी जोडले गेले. असे गोल मनोरे केंब्रिजशरमध्ये विरळाच. चर्चच्या भिंतींवर पंधराव्या शतकातील चित्रांचे अवशेष आहेत. त्यांत सेंट ख्रिस्तोफर, तराजूत आत्मे तोलणारा सेंट मायकेल आणि सेंट जॉर्जच्या कथेतील ड्रॅगन ओळखू येतात.

आख्यायिकेचा निकाल उत्खननाने लावला. लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वरीजचे संचालक जॉन गेज यांनी 1832 ते 1840 या काळात टप्प्याटप्प्याने येथे खोदकाम केले. आत लढाईत पडलेल्यांचे सांगाडे नव्हते. दहनानंतर गोळा केलेल्या अस्थी होत्या आणि त्यांच्याभोवती श्रीमंत घरातला सरंजाम होता. सर्वांत मोठ्या टेकाडात 1835 मध्ये बोगदा खणून मधोमध पोहोचल्यावर एका कुजलेल्या लाकडी पेटीचे अवशेष सापडले. जळालेली हाडे काचेच्या कुंभात होती. शेजारी काशाची भांडी, दिवा आणि घडीची खुर्ची होती. रंगीत मीनाकाम केलेले काशाचे एक लहान पात्र तर रोमन ब्रिटनमधील कारागिरीचा उत्तम नमुना ठरले. निरनिराळ्या टेकाडांतील भांड्यांत अन्न आणि पेय यांचे अंश होते. बॉक्स या सदाहरित झुडपाची पानेही मिळाली. भांड्यांत उरलेल्या पदार्थांच्या रासायनिक तपासणीसाठी गेज यांनी प्रख्यात शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांची मदत घेतली होती.

या वस्तूंवरून टेकाडांचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा शेवट ते दुसऱ्या शतकाचा मध्य असा ठरतो. रोमन सैन्याने इसवी सन 43 मध्ये ब्रिटनवर स्वारी केली. त्यानंतरच्या तीन-चार पिढ्यांतली ही गोष्ट. अशाच उंच समाधी-टेकाडांची चाल आजच्या बेल्जियममधील तीनेन आणि टाँगेरेन या भागातही होती. येथे चिरविश्रांती घेणारे लोक स्थानिक होते की खाडीपलीकडून आलेले, याचा निर्वाळा अस्थींवरून देता येत नाही. त्यांच्याकडे पैसा आणि मजूर दोन्ही मुबलक होते आणि जेवणाखाणाच्या रोमन रीती त्यांनी उचलल्या होत्या, एवढे मात्र स्पष्ट होते. टेकाडांजवळ रिचर्ड नेव्हिल यांनी 1852 मध्ये एका रोमन घराचे अवशेष खोदून काढले. त्यामुळे मृतांची जागा आणि जिवंतांचे घर हे एकाच परिसरात होते, असे दिसते.

उत्खननानंतरचा काळ टेकाडांना लाभला नाही. सापडलेल्या बहुतेक वस्तू जमिनीचे मालक व्हायकाउंट मेनार्ड यांच्या ईस्टन लॉज या वाड्यात ठेवल्या होत्या. 1847 मध्ये तेथे आग लागली आणि जवळजवळ सारा ठेवा नष्ट झाला. गेज यांनी सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर वर्णने आणि रंगीत चित्रे छापली होती, म्हणूनच आज त्या वस्तूंचे रूप कळते. बचावलेले थोडे अवशेष जवळच्या सॅफ्रन वॉल्डन येथील संग्रहालयात आहेत. पुढे 1860च्या दशकात रेल्वेचा मार्ग टेकाडांच्या ओळीतूनच खोदून नेला गेला. शंभर वर्षांनी, 1960च्या दशकात, ही रेल्वे बंद पडली; तिची खोल चर अजून दिसते.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रेडिंग विद्यापीठाच्या अभ्यासकांनी येथे नव्याने पाहणी केली. या वेळी कुदळीपेक्षा उपकरणांवर भर होता. जमिनीखालच्या खुणा टिपून लहान टेकाडांच्या मूळ जागांचा शोध घेण्यात आला, आणि टेकाडे भोवतालच्या प्रदेशातून कशी दिसत असतील याचाही विचार झाला. टेकाडे आज कायद्याने संरक्षित आहेत. पूर्वी ती एसेक्समधील अ‍ॅशडन पॅरिशमध्ये मोडत. परगण्यांच्या हद्दी बदलल्यावर ती केंब्रिजशरमध्ये आली. चर्चच्या आवारातून निघणारी पायवाट ओढा ओलांडून तीन मोठ्या टेकाडांपाशी जाते आणि सर्वांत उंच टेकाडावर लाकडी पायऱ्यांनी चढता येते. चौथे टेकाड जुन्या रेल्वेमार्गापलीकडे, खाजगी जमिनीत आहे.