खुर्ची खिळखिळी का होते? घरच्या सुतारकामातून संशोधनप्रश्नापर्यंत

कुऱ्हाडीचा दांडा हलायला लागला की गावात काय करतात? कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. सकाळी दांडा घट्ट. मग आठ-पंधरा दिवसांनी तो पुन्हा हलतो, आणि बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त हलतो. ब्राह्मणपुरीत काय किंवा शहादा तालुक्यातल्या कुठल्याही गावात काय, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण ‘जास्त का हलतो?’ हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. तो विचारला, तर घरी लाकडी खुर्ची बनवायला जे शास्त्र लागतं त्यातलं निम्मं हातात येतं.

पेटची किंवा नेटची तयारी करणारी मुलं मला एकच गोष्ट विचारतात: विषय कुठून आणायचा? माझ्या पीएचडीचा विषय लाकूड आणि ओलावा असा आहे, म्हणून आज एक खुर्ची घेऊन बसू. खुर्ची आईसाठी. जन्मभर पाटावर आणि खाली जमिनीवर बसून कामं केली, आता गुडघे बोलतात. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आहे. आणि घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलं की पाय लोंबकळतात.

आधी बसणारा, मग खुर्ची

बाजारातल्या खुर्चीची बैठक साधारण ४५ सें.मी. उंच असते. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळग्यापर्यंतचं आईचं माप, चप्पल घालून, ३८ सें.मी. भरलं. म्हणजे सात सेंटिमीटरचा फरक. पाय टेकत नाहीत, बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतते, मग माणूस पुढे सरकून बसतो आणि पाठ टेकायची राहूनच जाते.

इथे एक गोष्ट संशोधनाच्या पहिल्या महिन्यातच कळलेली बरी. ‘सरासरी माणूस’ धरून माप काढू नका. १९५२ मध्ये गिल्बर्ट डॅनियल्स यांनी अमेरिकन हवाई दलाच्या ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. दहा मापांमध्ये सगळीकडे सरासरीच्या आसपास बसणारा माणूस किती निघाले? एकही नाही. म्हणून आसनांच्या रचनेत प्रत्येक मापाला वेगळा नियम असतो. बैठकीची उंची आणि खोली ठरवताना लहान चणीचे लोक बघतात (पाचवं शतमक), रुंदी ठरवताना मोठ्या चणीचे (पंचाण्णवावं शतमक). उंच माणूस बुटक्या खुर्चीत पाय पुढे पसरून निभावून नेतो, बुटका माणूस उंच खुर्चीत काही करू शकत नाही.

हे आकडे अमेरिकन तक्त्यांतून उचलायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक अहमदाबादच्या एनआयडीनं १९९७ मध्येच काढलंय, ग्रंथालयात शोधा. अर्थात ग्रामपंचायतीच्या सभागृहात पन्नास खुर्च्या ठेवायच्या असतील तर शतमक हवं. एका आईची खुर्ची करायची असेल तर मोजपट्टी पुरते.

मग बैठक ३८ च ठेवायची का? नाही. बैठक जितकी खाली, तितका उठताना गुडघ्यावर भार जास्त. दुखऱ्या गुडघ्याला तेच नको असतं. मी ४० ठेवली, पुढची कड गोल केली आणि रेटा देऊन उठता यावं म्हणून दोन्ही बाजूंना हात दिले.

लाकूड पाणी पितं, ते किती?

लाकडातला ओलावा मोजायची सगळ्यात भरवशाची पद्धत स्वस्त आहे. तुकडा वजन करा, १०३ अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवा, वजन कमी व्हायचं थांबलं की पुन्हा वजन करा. ११८ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर थांबला तर ओलावा १८ टक्के. लक्षात घ्या, भागायचं कोरड्या वजनानं, ओल्या नव्हे. त्यामुळे ताज्या तोडलेल्या काही लाकडांत ओलावा १०० टक्क्यांच्या वर निघतो आणि तोंडी परीक्षेत मुलं इथेच गडबडतात.

हवा कोरडी असली की लाकूड पाणी सोडतं, दमट असली की घेतं. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड साधारण ६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ८० टक्के असेल तर १५-१६ टक्क्यांवर. आपला मे महिना आणि आपला ऑगस्ट डोळ्यासमोर आणा. म्हणजे वर्षात नऊएक टक्क्यांची ये-जा धरू. पूर्ण तेवढी होत नाही. जाड लाकूड मागे रेंगाळतं, पॉलिश त्याला आणखी थोपवतं. पण हिशोबाला वरची मर्यादा बरी.

सागवान हिरव्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं साधारण ५.८ टक्के आकसतं, केंद्राकडून सालीकडे २.५ टक्के, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. ५.८ टक्के ही सगळी हालचाल ओलाव्याच्या शेवटच्या २८-३० टक्क्यांत होते, म्हणजे दर एक टक्का ओलाव्यामागे ०.२ टक्के. नऊ टक्क्यांना १.८ टक्के. बैठकीखालच्या आडव्या पट्टीची रुंदी ५० मि.मी. असेल तर ती वर्षात ०.९ मि.मी. फुगते आणि आकसते.

आता सांधा बघा. पट्टीच्या टोकाला कुसू, पायात त्याचं भोक. कुसवाची रुंदी आडव्या तंतूंची, म्हणून ती फुगते. भोकाची उंची मात्र पायाच्या लांबीच्या दिशेनं, म्हणून ती तसूभरही हलत नाही. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला कुसू पावसाळ्यात फुगायला बघतो, जागा नसते. आडव्या दाबात लाकूड साधारण एक टक्क्यापर्यंत दबून पुन्हा पूर्ववत होतं, त्यापुढे तंतू कायमचे चेपतात. इथे गरज १.८ टक्क्यांची आहे. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात कुसू आकसतो तो मूळ मापापेक्षाही बारीक होऊन. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले लाकूडशास्त्रज्ञ ब्रूस होडली यांच्या १९८० च्या ‘अंडरस्टँडिंग वुड’ या पुस्तकात ही गोष्ट चांगली समजावली आहे. बादलीतल्या कुऱ्हाडीचंही हेच. लोखंडी नेढं फुगत नाही, दांडा आतल्या आत चेपला जातो, आणि ‘घट्ट’ करण्याचा उपायच त्याला पुढच्या खेपेला सैल करून ठेवतो.

रुंद पट्टी चांगली की अरुंद?

आमचे सुतारकाका म्हणतात, “पट्टी रुंद घे, खुर्ची दहा वर्षं हलायची नाही.” त्यांचं म्हणणं हिशोबानं तपासू.

खुर्चीतला सगळ्यात जास्त भोगणारा सांधा म्हणजे मागचा पाय आणि बाजूची पट्टी यांचा. कुणी मागे रेलून पाठीला २०० न्यूटन रेटा दिला, बैठकीपासून ३५ सें.मी. वर, तर ७० न्यूटन-मीटर आघूर्ण तयार होतं. दोन बाजूंत वाटून एकेका सांध्याला ३५. हे आघूर्ण कुसवाच्या वरच्या आणि खालच्या कडेवर दाब-ताणाच्या जोडीनं पेललं जातं. त्या दोन बलांतलं अंतर ढोबळपणे रुंदीच्या दोन-तृतीयांश धरा. पट्टी ५० मि.मी. असेल तर अंतर ३३ मि.मी., बल सुमारे १,०५० न्यूटन. पट्टी ७५ मि.मी. केली तर अंतर ५० मि.मी., बल ७०० न्यूटन. एक तृतीयांश ओझं कमी! काका बरोबर आहेत. पर्ड्यू विद्यापीठात कार्ल एकेलमन यांनी फर्निचरच्या सांध्यांवर वर्षानुवर्षं चाचण्या केल्या, त्यांचाही कल इकडेच: कुसू रुंद आणि खोल असेल तर सांधा जास्त आघूर्ण पेलतो.

पण ७५ मि.मी. पट्टीची हंगामी हालचाल किती? १.३५ मि.मी. म्हणजे ताकदीसाठी जे वाढवलं, त्यानंच ऋतूंचा धक्का वाढला. नंदुरबारसारख्या टोकाच्या हवामानात यातलं कोणतं आधी खुर्ची मोडतं?

आणखी एक फाटा आहे. जेनी अलेक्झांडर यांच्या १९७८ च्या ‘मेक अ चेअर फ्रॉम अ ट्री’ या पुस्तकात पाय थोडा ओलसर ठेवतात आणि त्यात खडखडीत वाळवलेली आडवी दांडी ठोकतात. पाय वाळताना दांडीवर आवळला जातो, दांडी थोडा ओलावा घेऊन आतून फुगते. युक्ती सुंदर आहे, पण अमेरिकेतल्या हवेत जमलेली. मे महिन्यात ४० अंशांच्या वर जाणाऱ्या गावात ती टिकते का, हे इथेच तपासावं लागेल.

आता याचा प्रयोग

पन्नास खुर्च्या बनवायच्या नाहीत. फक्त सांधे बनवा, इंग्रजी टी अक्षरासारखे. दोन रुंदी (५० आणि ७५), दोन पद्धती (दोन्ही तुकडे सारखे वाळलेले, किंवा पाय ओलसर आणि कुसू कोरडा). झाले चार प्रकार. फेव्हिकॉल लावायचं की नाही हे आधी ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा, नाहीतर चाराचे आठ होतील.

प्रत्येकी सहा सांधे म्हणजे चोवीस. इथे थांबा. चोवीसही एकाच फळीतून कापले तर तुमची नमुनासंख्या चोवीस नाही, झाडाच्या हिशोबानं ती एक आहे. तुम्हाला कळेल ते फक्त त्या एका झाडाबद्दल. सहा वेगवेगळ्या फळ्या आणा, शक्यतो वेगवेगळ्या लाकडांच्या, आणि प्रत्येक फळीतून चारही प्रकारांचा एकेक सांधा कापा. फळीच्या कोणत्या टोकातून कोणता, हे चिठ्ठी टाकून. मार्गदर्शकांच्या पहिल्या तीन प्रश्नांपैकी एक हाच असतो.

ढिलेपणा मोजायला प्रयोगशाळेची वाट बघू नका. मोटारसायकल दुरुस्तीवाल्याकडे टॅपेट लावायचं फीलर गेज असतं, पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, ज्यावर मि.मी.चे शतांश लिहिलेले असतात. कुसवाच्या कडेला कोणतं पातं शिरतं ते नोंदवा. सोबत शंभरेक ग्रॅमचा तसाच एक मोकळा तुकडा त्याच खोलीत ठेवा आणि दर आठवड्याला त्याचं वजन घ्या. प्रयोग संपल्यावर तो भट्टीत वाळवला की मागच्या सगळ्या तारखांचा ओलावा निघतो.

लाकडाबद्दल एवढंच: बांधावरचा असला तरी साग तोडायला परवानगी लागते, महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. वखारीतून घ्या आणि पावती प्रयोगवहीत चिकटवा. औतं आणि बैलगाड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली बाभूळही घेऊन बघा. जड आहे, रंध्याला त्रास देते, पण सागाचे आकडे पुस्तकात तयार मिळतात, तुमच्या बाभळीचे तुम्हालाच काढावे लागतील.

सुरुवात मेच्या शेवटी करा. पहिलं मोजमाप पाऊस यायच्या आत, दुसरं ऑगस्टमध्ये, तिसरं पुढच्या मे महिन्यात. तिसरं चुकवू नका, कारण कुसू मूळ मापापेक्षा बारीक झालाय की नाही हे तेव्हाच दिसतं. आईची खुर्ची मी ५० मि.मी.च्या पट्टीची केली आहे आणि खाली, पायांच्या मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक जादा आडवी दांडी टाकली आहे. त्यामुळे आघूर्ण वरच्या एकाच सांध्यावर न येता दोन ठिकाणी वाटलं जातं. काकांना ती पट्टी अजून अरुंदच वाटते.