पाऊस आला की नेट जातं

नवीन पनवेलच्या आमच्या घरात जूनपासून हे वाक्य रोज ऐकू येत होतं. कर्नाळ्याच्या सुळक्यावर ढग उतरले की आई म्हणायची, "बसा आता, जाईल नेट." आणि जायचंच. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: राउटर बंद करून चालू करा.

एका शनिवारी लॅपटॉप घेऊन मांडी ठोकली. दोन पिंग लावून ठेवले, एक राउटरला, १९२.१६८.१.१, आणि दुसरा बाहेर, ८.८.८.८. पहिला अडखळला तर खोट घरातल्या हवेत. पहिला नीट आणि दुसरा गप्प, तर राउटरच्या पलीकडे. हॉलमध्ये राउटर दोन-तीन मिलिसेकंदांत ओ देत होता. आतल्या खोलीत गेलो तर तीनशे, चारशे, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. बाहेर लख्ख ऊन होतं. म्हणजे पावसाच्या नावावर आम्ही भलतीच बिलं फाडत होतो.

मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझर उघडलं. २३ नेटवर्क! २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल आहेत खरी, पण दोन चॅनेलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि सिग्नलची रुंदी किमान २०, त्यामुळे एकमेकांच्या पायात न येणारी म्हणून सहसा तीनच धरतात: १, ६ आणि ११. अख्खी बिल्डिंग ६ वर दाटीवाटीनं बसलेली. आमचा राउटर तर ४० मेगाहर्ट्झ पसरून, लोकलमध्ये शेजारच्या सीटवर पिशवी ठेवणाऱ्यासारखा. रुंदी २० केली, चॅनेल ११ दिलं, लोखंडी कपाटामागे दडवलेला राउटर वर काढून ठेवला. (५ गिगाहर्ट्झ आधीच करून पाहिलं होतं. आमच्या भिंतींपुढे ते हॉलबाहेर पडत नाही.) आतल्या खोलीतला पिंग दहाच्या आत आला. मी खूश.

चार वाजता पाऊस आला आणि नेट गेलं.

या वेळी मात्र पहिला पिंग ठणठणीत होता, मेला होता दुसरा. राउटरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा. म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नव्हता. पण काचेच्या तंतूतून जाणाऱ्या प्रकाशाला पावसाचं काय वावडं? सर थांबली. आईनं खिडकी उघडली. मिनिटभरात दिवा हिरवा.

मी खिडकीकडे पाहिलं. केबल तिच्याच रुळातून आत आली होती. जोडणी करणाऱ्यानं भिंतीला भोक पाडायचा कंटाळा केलेला. वाछट यायला लागली की आई काच लावणार, काच केबलला चौकटीत दाबणार, तंतू वाकणार आणि वाकल्या जागी प्रकाश बाहेर निसटणार.

राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा आकडा दिसतो. तो समोर ठेवून काच हळूहळू सरकवली. उणे २०. उणे २३. उणे २६. उणे २९, लाल दिवा. हा आकडा दिसतो तितका साधा नाही: ३ ने घसरला की प्रकाश निम्मा, म्हणजे ९ ने घसरला तेव्हा जेमतेम आठवा हिस्सा उरला. उणे २७ च्या खाली असे डबे सहसा आंधळे होतात. काच उघडली, पुन्हा उणे २०. पाच वेळा करून पाहिलं.

"झालं का खेळून?" आईनं विचारलं.

सोमवारी केबलवाला मुलगा आला. रुळात बोट घालून चेपलेली जागा चाचपली आणि म्हणाला, "काकू, रविवारी ड्रिल घेऊन येतो, तोपर्यंत ही पूर्ण लावू नका." त्याला आता तीन रविवार झाले. खिडकी बोटभर उघडीच आहे. फटीत जुना टॉवेल कोंबलाय, आणि ज्याला नेट हवं त्यानंच तो पिळायचा, असं आईनं ठरवून टाकलंय.