दिव्याचा खासदार कुठला?

दिव्यातला माणूस मालमत्ता कर ठाणे महापालिकेत भरतो. विधानसभेच्या वेळी त्याच्या वस्तीचा मोठा भाग कल्याण ग्रामीणमध्ये येतो, आणि खासदार निवडायचा असतो तो कल्याणचा. नवी खोली घेऊन इथे राहायला आलेल्याला हे एका दमात सांगितलं तर तो गोंधळतोच. ठाणे लोकसभा मतदारसंघात मीरा-भाईंदर आहे, खाडीपलीकडचं ऐरोली आणि बेलापूर आहे. पण ठाणे महापालिकेतलेच कळवा, मुंब्रा आणि दिवा त्यात नाहीत. तिकडे कल्याणलाही तेच. कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला उतरून दुर्गाडी किल्ल्याकडे निघालात की तुम्ही भिवंडी मतदारसंघात शिरलात. ज्या शहराचं नाव मतदारसंघाला दिलं, त्याची जुनी पेठच त्या मतदारसंघाबाहेर आहे.

ही नुसती नकाशावरची गंमत म्हणून सोडून देता येत नाही. गटार तुंबलं, पाणी आलं नाही, तर नगरसेवकाला गाठायचं असतं. पण दिवा हे गाव मुळात रेल्वेवर उभं आहे. इथून पनवेलकडे एक मार्ग फुटतो, वसईकडे दुसरा. सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते, आणि कोकणातल्या कितीतरी घरांनी मुंबईजवळचं आपलं बिऱ्हाड म्हणून दिवा निवडलं त्यालाही ही गाडी कारण आहे. फाटकावरच्या पुलाचा रुळांवरचा भाग, जलद लोकलचा थांबा, सकाळच्या गाड्यांची संख्या हे सगळं केंद्राच्या अखत्यारीतलं. म्हणजे दिवेकराच्या रोजच्या जगण्यातला सर्वांत कठीण तास ज्याच्या हातात आहे, त्या खात्याला प्रश्न विचारण्याचा हक्क खासदाराचा. २ जानेवारी २०१५ च्या सकाळी गाड्यांचा खोळंबा झाला, प्रवासी रुळांवर उतरले आणि प्रकरण दगडफेक, जाळपोळीपर्यंत गेलं. जलद लोकल दिव्याला थांबू लागली ती त्यानंतर, डिसेंबर २०१६ मध्ये. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तरीही ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लोंबकळणारी माणसं खाली पडली आणि काहींनी जीव गमावला. हे सगळं दिल्लीत मांडायला दिव्याच्या वाट्याला प्रतिनिधी किती येतो, हा म्हणूनच जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

सुरुवातीला तो बरा येत होता. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ठाणे हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक आदिवासींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. काँग्रेसचे गोविंद धर्माजी वर्तक आणि अनंत सावळाराम नांदकर निवडून आले. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत सगळं चित्र उलटलं. दोन्ही जागा कम्युनिस्ट पक्षाने जिंकल्या: शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी १९४५ पासून डहाणू-तलासरी-उंबरगावच्या वारली वेठबिगारांना उभं केलं होतं. त्या लढ्याचा माणूस आणि एक आदिवासी प्रतिनिधी एकाच मतदारसंघातून लोकसभेत बसले. आज इमारतींच्या दाटीत हरवलेला हा पट्टा एके काळी जंगलपट्ट्यातल्या पाड्यांबरोबर मत देत होता, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान वाटतं.

दोन सदस्यांची पद्धत १९६१ च्या कायद्याने संपली. १९६२ ला ठाण्यातून सोनूभाऊ बसवंत लोकसभेत गेले. मग १९६७ आणि १९७१ या दोन निवडणुकांत ठाणे हे नावच यादीतून गेलं. जिल्ह्यात भिवंडी आणि डहाणू राहिले. १९७७ ला ठाणे पुन्हा अवतरलं, आणि आणीबाणीत तुरुंगवास भोगून आलेले रामभाऊ म्हाळगी जनता पक्षाकडून निवडून आले. १९८० लाही तेच. १९८२ ला ते वारले, पोटनिवडणुकीत जगन्नाथ पाटील आले. १९८४ ला काँग्रेसचे शांताराम घोलप, १९८९ आणि १९९१ ला भाजपचे प्रा. राम कापसे, आणि १९९६ पासून सलग चार वेळा शिवसेनेचे प्रकाश परांजपे.

नावं बदलत राहिली, पण खरी घडामोड मतदारयादीच्या जाडीत होत होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू न्याय्य होता. पण गोठवल्या त्या राज्यांच्या जागाही आणि मतदारसंघांच्या हद्दीही. १९७१ ला ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २३ लाख होती. २००१ ला ती ८१ लाखांवर गेली. गिरण्या बंद पडल्या, मुंबईतली खोली परवडेना, माणसं डोंबिवली, कळवा, मुंब्रा, दिवा अशी पुढे पुढे सरकत राहिली. एवढ्या जिल्ह्याला मतदारसंघ मात्र दोनच, ठाणे आणि डहाणू. वसईकडचा भाग मुंबई उत्तरला जोडलेला. ठाणे हा देशातल्या सर्वांत अवाढव्य मतदारसंघांपैकी एक होऊन बसला. दिव्याच्या एका मताचं वजन वर्षागणिक घटत होतं, आणि घटतंय हे कुणाला दिसतही नव्हतं.

इंग्लंडने हे आपल्या आधी भोगलं होतं. ओल्ड सॅरम नावाच्या ओसाड टेकडीवरून दोन खासदार पार्लमेंटात जात, आणि कापडगिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने टेकडीच्या जागा गेल्या आणि मँचेस्टरला दोन मिळाल्या. आपल्याकडे ओसाड टेकडी नव्हती, हा फरक मोठा आहे. पण माणसं एकीकडे आणि जागा दुसरीकडे, हे दुखणं तेच.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने २००१ ची जनगणना धरून हद्दी नव्याने आखल्या. महाराष्ट्राच्या जागा ४८ च राहिल्या, पण राज्याच्या आत त्या माणसांमागे सरकल्या. ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला चार आल्या: पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे. दिवा कल्याणात गेलं. फेब्रुवारी २००८ मध्ये नव्या हद्दी लागू झाल्या, त्याच महिन्यात प्रकाश परांजपे यांचं निधन झालं. चालू लोकसभेची पोटनिवडणूक जुन्याच ठाण्यात झाली. त्यांचे पुत्र आनंद परांजपे जिंकले आणि २००९ ला नव्या कल्याणमधूनही तेच आले. एकच खासदार वर्षभरात दोन वेगवेगळ्या मतदारसंघांतून दिव्याला मिळाला. २०१४ पासून तिन्ही वेळा श्रीकांत शिंदे निवडून आले आहेत.

तेवढ्यानेही भागलं नाही. कल्याणमध्ये २०२४ ला वीस लाखांवर मतदार होते. त्यातल्या जेमतेम निम्म्यांनी मत दिलं. याचा दोष सरसकट आळसावर ढकलणं मला पटत नाही. भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलणाऱ्याचं नाव यादीत जुन्या पत्त्यावर अडकतं, आणि अनेक चाकरमान्यांनी आपलं नाव अजून गावच्या यादीतच ठेवलंय.

चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने जागांची गोठवण २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली होती. पुढे कधीही हद्दी आखल्या गेल्या तरी एक गोष्ट दिवेकरांनी आजच लक्षात ठेवावी. मागच्या खेपेला आयोगाने आधी कच्चा आराखडा प्रसिद्ध केला, हरकती मागवल्या, जाहीर बैठका घेतल्या. खासदार-आमदार त्यात सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. अंतिम आदेश निघाल्यावर मात्र त्याला न्यायालयात आव्हान द्यायला फारच थोडा वाव उरतो. दिवा ठाण्याबरोबर असावं की कल्याणबरोबर, स्टेशनच्या पूर्व-पश्चिमेचे दोन तुकडे होऊ नयेत, हे सांगायची वेळ म्हणजे त्या हरकतींची मुदत. त्या बैठकीला दिव्याहून कोण जाणार, हे आत्तापासून ठरवता येईल.