पावलावरची दोरी

भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भात कापताना विळा पायाजवळून फिरतो, सरपण फोडताना कुऱ्हाड पायापुढं पडते. पाऊल बहुधा उघडं, फार तर चपलेत. निसटलेला घाव पावलाच्या वरच्या बाजूला बसतो. तिथं कातडीखाली चरबी जेमतेम असते. म्हणूनच बोटं उचलली की दोऱ्या उठून दिसतात. या कंडरा. त्यांना ओढणारे स्नायू वर गुडघ्याखाली, पायाच्या पुढच्या भागात, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असतात. एकाची कंडरा अंगठ्याच्या शेवटच्या हाडाला जाते, दुसऱ्याची चार फाटे फुटून उरलेल्या चार बोटांना. पण बोलताना आपण कंडरा, रक्तवाहिनी आणि मज्जातंतू या तिन्हींनाही ‘शीर’ म्हणतो. त्यामुळं रक्त थांबलं की शीर सावरली असं वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की ही जखम हाताच्या जखमेइतक्याच गांभीर्यानं घ्यावी.

यावर कुणी विचारेल, पायाची बोटं वर करून करायचं काय? चालताना पावलाचा पुढचा भाग उचलून धरण्याचं मुख्य काम नडगीलगतचा दुसराच स्नायू करतो, हे खरं आहे. कंडरा तुटलेला माणूस चालतोही. पण लोंबणारा अंगठा उंबऱ्याला, ढेकळाला अडतो. सपाट फरशीवर चालणं वेगळं आणि डोक्यावर भारा घेऊन ओल्या बांधावरून चालणं वेगळं.

दुसरा आक्षेप अधिक फसवा: बोटं हलतात, म्हणजे कंडरा शाबूत आहे. पावलावरच, टाचेच्या हाडापासून निघणारा एक आखूड स्नायू आहे. तो अंगठ्याला आणि पुढच्या तीन बोटांना जातो. करंगळीला सहसा त्याचा फाटा नसतो. वरून येणारी लांब कंडरा तुटली तरी हा स्नायू बोटं थोडी उचलतो. मात्र अंगठ्यात त्याची पकड पहिल्याच हाडावर असते. म्हणून अंगठ्याचं मूळ धरून ठेवावं आणि फक्त टोकाचं पेर वर करायला सांगावं, वरून बोटानं हलका दाब देऊन. पेर उचललं नाही तर लांब कंडरेवर संशय घ्यावा. ते उचललं, पण दुखत किंवा दुबळेपणानं, तर कंडरा अर्धवट कापलेली असू शकते. तुटलेलं टोक घोट्याकडं आक्रसतं आणि दिवस जातील तसं ते ओढून जोडणं अवघड होतं. भोर तालुक्यातलं सारोळं पुणे-सातारा महामार्गावर आहे, तिथून त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडं पोचता येतं. वेल्ह्याच्या आतल्या वाडीवरून ती वाट लांबते. म्हणून ही तपासणी पहिली मलमपट्टी होते तिथंच, कातडीला टाका पडण्याआधी व्हायला हवी.