जुन्या पिकअपचा सेल्फ

समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवरील बेळगावात, टिळकवाडीच्या रेल्वे गेटांलगत, पौषातल्या गार पहाटे माल घेऊन निपाणीकडे निघू पाहणारी जुनी डिझेल पिकअप किल्ली फिरवूनही मूक राहिली, म्हणजे तिचा मालक बहुधा बॅटरीसच कसूरवार ठरवून नवी खरेदी करतो. ही घाई मला अन्यायाची वाटते, कारण तीत गरिबाची कित्येक दिवसांची कमाई विनाकारण खर्ची पडते.

नुसती ‘टक्’ होऊन इंजिन फिरत नसेल, तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा: प्रकाश एकदम मंदावल्यास बॅटरी क्षीण अथवा टर्मिनल गंजलेले असण्याचा संभव अधिक, आणि तो तसाच प्रखर राहिल्यास दोष सोलेनॉइडात वा सेल्फच्या ब्रशांत शोधावा. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिनाची अर्थ वायर मात्र अवश्य तपासावी. चासीशी असलेला तिचा सांधा गंजला, की उत्तम बॅटरीही निरुपयोगी ठरते, आणि हा दोष पुष्कळदा केवळ पाना व पॉलिश पेपर यांनीच दूर होतो.

इंजिन जोमाने फिरूनही सुरू होत नसेल, तर हीटर प्लग तापतात काय, याची रुजवात घालावी, आणि डिझेलच्या फिल्टरमध्ये शिरलेली हवा हातपंपाने काढून टाकावी.