चर्च राहिलं, गाव उठलं

वाचण्याआधी: तुमच्या घराजवळ एखादी जुनी दफनभूमी आहे का? तिथल्या दगडांवरची नावं तुम्ही कधी वाचली आहेत का?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ग्रेट स्मोकी पर्वतांत, केड्स कोव्ह नावाचं एक खोरं आहे. चारही बाजूंना डोंगर आणि मध्ये सपाट, हिरवी कुरणं. खोऱ्यातून ११ मैलांचा एकेरी रस्ता फिरतो. एखादं अस्वल दिसलं की गाड्यांची रांगच लागते! याच रस्त्यावर झाडांच्या सावलीत एक साधं लाकडी चर्च आहे आणि त्याला लागून दफनभूमी. बरेच लोक आत डोकावतात, फोटो काढतात आणि निघून जातात. आपण मात्र जरा थांबूया.

आधी एका नवरा-बायकोच्या थडग्यापाशी जाऊ: जॉन आणि लुक्रेशिया ऑलिव्हर. १८१८ मध्ये ते इथे आले. त्यांच्या घराण्यात एक गोष्ट सांगतात. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्याकडचं अन्न संपलं. तेव्हा चेरोकी लोकांनी त्यांना वाळवलेला भोपळा दिला, म्हणून ते जगले.

या खोऱ्यात कायमची वस्ती करणारं हे पहिलं गोरं कुटुंब मानतात. इथे ‘गोरं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण माणसं इथे आधीपासून होतीच! १८१९ च्या करारात चेरोकींची ही जमीन सरकारकडे गेली. पुढे १८३८ मध्ये सैन्याने हजारो चेरोकींना त्यांच्या घरांतून हाकललं आणि दूर पश्चिमेला जायला लावलं. त्या वाटेवर हजारो माणसं मेली. म्हणून कुठेही ‘पहिले रहिवासी’ असं वाचलंत, तर लगेच विचारा: कोणांतले पहिले?

आता चर्चकडे वळू. इथली मंडळी १८२७ मध्ये एकत्र आली. १८३२ मध्ये त्यांनी ओंडक्यांचं चर्च बांधलं. आज दिसतं ते चर्च १८८७ चं आहे. हे लोक जुन्या रीतीचे बॅप्टिस्ट. प्रार्थनेत वाद्यं नाहीत, गाणं नुसत्या गळ्याने. धर्मप्रचारक पाठवावेत की नाही, यावरून १८३९ मध्ये भांडण झालं आणि काहींनी वेगळं चर्च काढलं. गाव एवढंसं, पण मतं दोन!

मग अमेरिकेत यादवी युद्ध झालं. खोऱ्यातले बहुतेक लोक उत्तरेच्या, म्हणजे युनियनच्या बाजूचे होते. त्यामुळे दक्षिणेच्या बंडखोर टोळ्या इथे येऊन लुटालूट करायच्या. चर्चच्या नोंदवहीत लिहून ठेवलंय, की बंडखोरांचा जोर फार होता म्हणून सभा बंद ठेवाव्या लागल्या. रसेल ग्रेगरी या शेतकऱ्याला १८६४ मध्ये अशाच लोकांनी मारलं. त्याचा खून कोणी केला, तेही त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे. विचार करा, राग केवढा असेल! कागद हरवला असता, पण दगड राहिला.

अशा जुन्या दफनभूमीत सगळ्याच दगडांवर अक्षरं नसतात. काही ठिकाणी शेतातला साधा दगड उभा केलेला असतो. कोरून घ्यायला पैसे नसायचे. जन्म आणि मृत्यूच्या तारखा जवळजवळ असल्या, की समजायचं, इथे एक लहान मूल आहे.

अक्षरं पुसट असतील तर दगडावर खडू घासू नका. दगड झिजतो. बाजूने टॉर्चचा उजेड टाका. सावलीमुळे अक्षरं वर येतात.

मग गाव गेलं कुठे? १९३४ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं. त्यासाठी टेनेसी राज्याने लोकांच्या जमिनी घेतल्या. जॉन ऑलिव्हरचा पणतू, जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर, हा टपाल वाटायचा आणि याच चर्चमध्ये प्रवचनही द्यायचा. तो जमिनीसाठी कोर्टात लढला, पण हरला. १९३७ मध्ये त्याने खोरं सोडलं. ज्या जमिनीवरून चेरोकी गेले, तिथूनच आता ऑलिव्हरही गेले. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. ऑलिव्हरला कोर्टात जाता आलं, जमिनीचे पैसे मिळाले. चेरोकींना सैन्याने हाकललं. पण घर सोडताना मागे वळून दोघांनीही पाहिलं असेल.

उद्यानामुळे जंगल वाचलं, अस्वलं वाचली आणि चर्चही वाचलं. गाव मात्र उठलं. तरीही १९६० च्या दशकापर्यंत काही लोक प्रार्थनेसाठी बाहेरून इथे येत राहिले. घर नव्हतं, पण आपली माणसं इथल्याच मातीत होती ना!

शब्दार्थ
खोरं – डोंगरांमधली सखल जमीन
थडगं – पुरलेल्या माणसाची जागा, तिच्यावरचा दगड
यादवी – एकाच देशातल्या लोकांचं आपसातलं युद्ध
पणतू – नातवाचा किंवा नातीचा मुलगा
गाव उठणं – सगळ्यांनी गाव सोडून जाणं

विचार करा, बोला
१. ‘पहिले रहिवासी’ हे शब्द वाचून कोणता प्रश्न विचारायचा? का?
२. जंगल वाचवण्यासाठी गाव उठवणं बरोबर होतं का? दोन्ही बाजू मांडा.
३. आजी-आजोबांना विचारा: आपल्या ओळखीत कोणाचं गाव धरणात गेलंय का? तिथलं काय वाचलं, काय गेलं? त्यांचं उत्तर पाच वाक्यांत लिहा.