चाळीसला एक कमी
बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 25वा अध्याय फटक्यांची कमाल मर्यादा 40 ठरवतो. त्याहून जास्त मारल्यास आपल्याच भावाची अप्रतिष्ठा होईल, हे कारणही देतो. ख्रिस्ती प्रेषित पौल मात्र करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो, की आपण ज्यूंकडून पाचदा 39 फटके सोसले. 39 हाच आकडा इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात सापडतो. तिथले नियम असे: पट्टा वासराच्या चामड्याचा. एक तृतीयांश फटके पुढून, बाकीचे मागून. आधी माणसाची सहनशक्ती जोखायची, मग तिनाने भाग जाईल इतकेच मारायचे. एक फटका जादा बसून तो दगावला, तर मारणाऱ्यालाच हद्दपारी! मिश्ना पौलानंतर सुमारे दीडशे वर्षांची, म्हणून हे सारे तपशील त्याच्या पाठीवर जसेच्या तसे लादू नयेत. त्याच पत्रात तो सांगतो त्या तीनदा खाल्लेल्या छड्या वेगळ्या, त्या रोमन अधिकाऱ्यांच्या.